ऑन्टॉलॉजीची अभिव्यक्तिक्षमता
एखाद्या ऑन्टॉलॉजीत वर्णन-तर्कशास्त्रातील कोणकोणत्या रचना वापरल्या आहेत, यावरून ठरणारी तिची तार्किक पातळी. ऑन्टॉलॉजी म्हणजे एखाद्या विषयातील संकल्पना व त्यांतील संबंध यांची, संगणकाला अनुमाने काढता येतील अशी मांडणी होय (तत्त्वज्ञानातील सत्ताशास्त्रावरून हे नाव आले असले, तरी येथील अर्थ पुष्कळच मर्यादित आहे). उदा., ‘हृद्रोग म्हणजे ज्याचे स्थान हृदय आहे असा रोग’ या व्याख्येत छेद व अस्तित्वदर्शक निर्बंध या दोनच रचना येतात.

रचनांची नोंद अक्षरांनी करतात. छेद, संयोग, पूरक आणि अस्तित्वदर्शक व सार्विक निर्बंध असलेल्या भाषेस एएलसी म्हणतात. श्मिट-शाउस व स्मोल्का यांनी ती १९९१ मध्ये मांडली. तीत संक्रामक संबंध मिळविल्यास एस होते. आय हे अक्षर व्यस्त संबंध, ओ नामनिर्दिष्ट व्यक्ती, तर क्यू संख्यानिर्बंध दर्शविते. २००९ साली प्रमाणित झालेल्या ओडब्ल्यूएल २ या भाषेचा पाया एसआरओआयक्यू हा आहे.

या अक्षरांना महत्त्व येते ते अनुमानास लागणाऱ्या वेळामुळे. भाषेत पडलेली किरकोळ भरही अनुमान अतिशय अवघड करू शकते, हे ब्राकमन व लेव्हेक यांनी १९८४ मध्ये दाखविले. वरील व्याख्येतील दोन रचनांवर उभ्या असलेल्या ईएल या भाषेत अनुमान बहुपदी काळात पूर्ण होते. स्नोमेड सीटी या वैद्यकीय संज्ञावलीत ३ लाखांहून अधिक संकल्पना असूनही ईएलके ही आज्ञावली तिचे वर्गीकरण काही सेकंदांत करते, ते यामुळेच. ईएलमध्ये केवळ व्यस्त संबंध आणला, तरी सर्वांत प्रतिकूल परिस्थितीत लागणारा काळ घातांकी होतो.

निर्धारणाची रीत साधी आहे. आज्ञावली प्रत्येक विधान तपासते, आढळलेल्या रचनांची अक्षरे गोळा करते व त्यांचा संक्षेप करते. प्रोटेजे या संपादन-आज्ञावलीत हे नाव आपोआप दिसते. मात्र ही तपासणी शब्दरूपाची असते, आशयाची नव्हे. ‘हृद्रोग किंवा मूत्रपिंडरोग असलेली प्रत्येक गोष्ट शरीरविकार होय’ या विधानात संयोग आढळतो. तेच ‘हृद्रोग हा शरीरविकार होय’ आणि ‘मूत्रपिंडरोग हा शरीरविकार होय’ असे तोडून लिहिले, की अर्थ तोच राहून संयोग नाहीसा होतो. आयात केलेल्या दुसऱ्या ऑन्टॉलॉजीतील एकच व्यस्त संबंधही सबंध संग्रहाचे नाव बदलू शकतो. त्यामुळे अनुमानयंत्र निवडण्यापूर्वी एखादे अक्षर नेमक्या कोणत्या विधानामुळे आले, हे शोधणे इष्ट असते. प्रचलित आज्ञावल्या बहुधा केवळ नाव सांगून थांबतात.