मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची?



उंदरांच्या सभेची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. मांजराच्या गळ्यात घंटा बांधावी असे सर्वानुमते ठरते, आणि ती बांधणार कोण असे एका म्हाताऱ्या उंदराने विचारताच सभा पांगते. ही गोष्ट मी वीस वर्षे वर्गात सांगत आले आहे. मुले दरवेळी हसतात, मीही हसते. पण तिचा खरा अर्थ मला उमगला तो जुलै-ऑगस्टच्या सुटीत, कॅनडातील व्हँकुव्हर शहरी, माझ्या धाकट्या बहिणीच्या परसात.

बहीण लग्नानंतर मॉरिशस सोडून तिकडे गेली. शहराच्या दक्षिण भागात तिचे घर आहे. मेन स्ट्रीटवरील पंजाबी बाजार तेथून जवळ असल्यामुळे डाळ, मसाला, कढीपत्ता यांची ददात नाही. पण मेथी आणि कोथिंबीर घरचीच हवी, हा आमच्या आईचा हट्ट तिने तिकडेही नेला आहे. परसात फळ्या ठोकून तिने दोन चौकोनी वाफे केले आहेत. स्वयंपाकघरातील डब्यातले मेथीदाणे पेरले की उन्हाळ्यात हिरवागार वाफा होतो. आपल्या बेटावर थंडी असते तेव्हा तिकडे उन्हाळा असतो, त्यामुळे मला तो वाफा पाहायला मिळाला.

पहिल्याच सकाळी पाहिले तर अर्धी मेथी उपटून पडलेली, माती उकरलेली, आणि मातीखाली जे होते त्याचा वास सांगण्यासारखा नाही. शेजारच्या कुंपणावर एक तपकिरी मांजर बसले होते. आमच्याकडे एकदा पाहून त्याने पंजा चाटायला सुरुवात केली. बहीण म्हणाली, "ताई, हे रोजचेच आहे. दोन वर्षे झाली."

मांजराचा यात काय दोष? त्याला विधीसाठी मऊ, भुसभुशीत माती लागते आणि नंतर ती उकरून झाकायची सवय असते. नुकताच खुरपलेला वाफा म्हणजे त्याच्या दृष्टीने मुद्दाम मांडून ठेवलेली सोय. पण बहिणीच्या घरी त्या वेळी तिची मुलगी पाच महिन्यांची गरोदर होती. तिला डॉक्टरांनी बजावून सांगितले होते की बागेतील मातीत हातमोजे घातल्याशिवाय हात घालू नकोस. मुलीला तर रोज संध्याकाळी कोथिंबीर खुडायची हौस. त्यामुळे बहीण चिडली होती आणि घाबरलीही होती.

ही भीती निराधार नव्हती. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक सूक्ष्म परजीवी मातीत उतरू शकतो. गरोदर स्त्रीला त्याची प्रथमच लागण झाली तर पोटातील बाळाला धोका असतो. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातच, व्हिक्टोरिया शहरी, १९९५ साली या रोगाची मोठी साथ आली होती. तपासाअंती संशय गेला तो शहराला पाणी पुरवणाऱ्या एका जलाशयावर. त्याच्या परिसरात पाळीव मांजरेही फिरत आणि कूगर हे जंगली मार्जारही. मात्र मांजर पाळणाऱ्यांनी भिऊन जाण्याचे कारण नाही. मांजर हा परजीवी आयुष्यात बहुधा एकदाच आणि थोडेच आठवडे बाहेर टाकते. शिवाय विष्ठा पडल्यावर तो लागण करण्याजोगा होण्यास एक ते पाच दिवस लागतात. म्हणून घरातली वाळूची पेटी रोज साफ केली की धोका फारच कमी होतो. खरी अडचण बागेतील मातीची. तेथे रोज कोण साफ करणार? ओल्या मातीत तो परजीवी वर्षभरही टिकून राहतो. म्हणून हातमोजे वापरावेत, भाजी नीट धुवावी आणि हात साबणाने स्वच्छ करावेत, हे गरोदर बाईनेच नव्हे तर सर्वांनीच पाळावे.

आमचे मेहुणे म्हणाले, "महापालिकेकडे तक्रार करू." मग आम्ही तिघे बसून नियम शोधू लागलो. व्हँकुव्हरात कुत्र्यासाठी परवाना लागतो आणि रस्त्यावर त्याला साखळीला बांधून न्यावे लागते. २०१० सालापासून तेथे परसात कोंबड्या पाळण्यास परवानगी आहे, पण चारच, त्यांची नोंद करावी लागते, आणि कोंबडा मुळीच चालत नाही. मांजरासाठी मात्र परवाना नाही आणि त्याच्या फिरण्याला तशी आडकाठीही नाही. मेहुणे हसून म्हणाले, "या शहरात कोंबडी मोजतात आणि मांजर मोकळे!" त्याच देशात कॅलगरी शहराची रीत निराळी आहे. तेथे २००६ च्या नियमाने मांजरालाही परवाना आवश्यक झाला. मालकाच्या आवाराबाहेर त्याने भटकायचे नाही, आणि दुसऱ्याच्या बागेत शिरले तर महापालिका त्या घरी पिंजरा वापरायला देते. म्हणजे मांजराला नियम लावताच येत नाही असे नाही. लावायचा की नाही हे ज्या त्या गावाने ठरवायचे असते.

नियम नाही तर मग शेजारणीशीच बोलावे. पण बहीण तयार होईना. ती म्हणाली, "ताई, आपण बाहेरून आलेले. आज मी मांजरावरून बोलले तर उद्या कोणी आपल्या फोडणीच्या वासावरून बोलेल." हे ऐकून मी गप्प झाले. परदेशी घर मांडलेल्या आपल्या कितीतरी माणसांच्या मनात हे वाक्य असेल. आपले पूर्वजही कोकणातून या बेटावर आले तेव्हा त्यांनी बरेच काही असेच गिळले असेल. पण मनात साठवलेली तक्रार आंबते. बहीण दोन वर्षांत त्या बाईंना नमस्काराचा एक शब्दही बोलली नव्हती, आणि त्या बाईंना त्याचे कारण ठाऊक नव्हते.

दरम्यान मला आणखी एक गोष्ट दिसली. बहिणीच्या परसात अॅनाज हमिंगबर्ड नावाचा अगदी चिमुकला पक्षी येतो. त्याचे वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम, आणि बर्फ पडला तरी तो व्हँकुव्हर सोडून जात नाही. २०१७ साली तेथील नागरिकांनी मतदान करून त्याला शहराचा पक्षी म्हणून निवडले. झुडपांखाली वाळलेली पाने उकरून किडे टिपणारे पक्षीही त्या बागांत असतात, आणि मांजराच्या तावडीत सापडतात ते प्रामुख्याने असे जमिनीवर वावरणारे पक्षी. कॅनडात २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार त्या देशात मांजरे दरवर्षी दहा कोटी ते पस्तीस कोटी पक्षी मारत असावीत. त्यांतील बहुसंख्य पक्ष्यांचा बळी बेवारशी मांजरे घेतात. तरी घरच्या मांजरांचा वाटाही थोडा नाही.

आणि स्वतः मांजर तरी बाहेर सुखरूप असते का? व्हँकुव्हरात १९८० च्या दशकापासून कायोटी वस्ती करून आहेत. हा लांडग्याच्या कुळातील, कोल्ह्याहून मोठा प्राणी रात्री गल्लीबोळांतून फिरतो आणि मोकळे मांजर त्याला सोपी शिकार वाटते. मोटारींचा धोका वेगळाच. 'मांजर हरवले आहे' अशा फोटोसहित चिठ्ठ्या मी बहिणीच्या रस्त्यावरील विजेच्या खांबांवर दोन ठिकाणी पाहिल्या. मांजर घरात ठेवावे, किंवा बाहेर न्यायचे तर देखरेखीखाली न्यावे, असे ब्रिटिश कोलंबियातील प्राणी संरक्षण संस्थाही सांगते. म्हणजे मेथी पेरणारी बाई, पक्षी आणि मांजर या तिघांचेही हित एकाच गोष्टीत आहे.

शिक्षक-प्रशिक्षण घेताना आम्हाला एक गोष्ट शिकवली होती: मुलाला नियम सांगण्याआधी कारण सांगा, आणि कारण सांगण्याआधी त्याच्याशी दोन शब्द प्रेमाने बोला. ते मला आठवले. एका शनिवारी आम्ही दालपुरी केली. गरम गरम सहा दालपुऱ्या आणि टोमॅटोची चटणी घेऊन आम्ही दोघी शेजारणीच्या दारात उभ्या राहिलो. बहिणीचे हात थरथरत होते.

दार उघडले ते सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंनी. त्या एकट्याच राहतात. नवरा गेल्यापासून त्या मांजराचाच सहवास. बहिणीने आधी दालपुरी कशी खायची ते सांगितले, मग मुलीला बाळ होणार आहे हे सांगितले, आणि शेवटी मेथीची गोष्ट काढली. बाईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "दोन वर्षे? मग मला सांगितले का नाही?" त्यांना वाटत होते की आपले मांजर दिवसभर त्यांच्याच ओसरीवर ऊन खात असते. मांजर डोळे मिटून दूध पिते अशी आपल्याकडे म्हण आहे. कधी कधी मालकाचेही डोळे मिटलेले असतात, आणि त्यात वाईट हेतू नसतो.

त्या दिवशी काय ठरले ते सांगते, कारण ते कोणाच्याही उपयोगी पडेल. संध्याकाळपासून सकाळपर्यंत मांजर घरात. बाईंच्या स्वतःच्या आवारात एका कोपऱ्यात भुसभुशीत वाळूची जागा, म्हणजे त्याला दुसऱ्याच्या वाफ्यात जायला नको. बहिणीने आपल्या वाफ्यावर तारेची जाळी आडवी पसरून मातीत किंचित दाबली. रोपे छिद्रांतून वर येतात, पण मांजराला उकरता येत नाही. हालचाल टिपून पाण्याचा फवारा मारणारे यंत्रही मिळते, पण त्याची गरज पडली नाही. मेहुण्यांनी डांबराच्या गोळ्या टाकण्याचे सुचवले होते, ते आम्ही हाणून पाडले. त्या गोळ्या विषारी असतात आणि भाजीच्या वाफ्यात, लहान मुले खेळतात तेथे, त्यांना मुळीच जागा नाही. रागाच्या भरात कोणी मांजराला विष घालण्याची गोष्ट करील तर त्याने हे लक्षात ठेवावे की दुसऱ्याचे पाळीव जनावर जाणूनबुजून मारणे किंवा जखमी करणे हा कॅनडाच्या फौजदारी कायद्याने गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी ते पापच.

बाईंनी विचारले, "गळ्यात घंटा बांधू का?" मला हसू आले. इंग्लंडमधील एक्झेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी शेकडो मांजरांवर केलेली पाहणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात घंटेचा म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही. मांसाचे प्रमाण भरपूर असलेले खाद्य दिल्यावर मात्र मांजरांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी कमी झाली, आणि रोज पाच-दहा मिनिटे त्यांच्याशी खेळल्यावर २५ टक्क्यांनी. म्हणजे पोटभर चांगले खाणे आणि थोडे खेळणे हे घंटेपेक्षा बरे. हे वर्गातल्या मुलांनाही लागू पडते, असे मी बाईंना म्हटले, तेव्हा त्या मनापासून हसल्या.

सगळे एका दिवसात सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. माझ्या मुक्कामातच ते मांजर दोनदा पुन्हा कुंपणावर दिसले. पण आता बहीण कुंपणापाशी जाऊन हाक मारते आणि बाई येऊन त्याला उचलून नेतात. जाताना त्या मेथीची जुडी घेऊन जातात.

वाचकहो, हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देऊ नका. आपल्या बेटावर माणसाने जहाजांतून आणलेल्या मांजरांनी, उंदरांनी आणि माकडांनी येथील पाखरांचे काय केले ते आपण जाणतो. आपले गुलाबी कबूतर १९९० च्या सुमारास रानात अवघे दहाच्या आसपास उरले होते. जंगल तुटणे हे मोठे कारण, पण रानटी झालेली मांजरेही त्याच्या शत्रूंपैकी एक. माहेबूरजवळच्या इल-ओ-एग्रेत या छोट्या बेटावरून आधी मांजरे व उंदीर हटवावे लागले आणि मग १९९४ पासून तेथे गुलाबी कबुतरे सोडता आली. आज रानातील त्यांची संख्या काही शेकड्यांवर गेली आहे. ती मांजरेही कधीतरी कोणाच्या तरी घरचीच होती, किंवा घरच्या मांजरांची पिल्ले होती. आपण पाळलेल्या मांजराची वेळीच नसबंदी केली, नको असलेली पिल्ले उसाच्या शेतात नेऊन सोडली नाहीत, तर शेजाऱ्याचा वाफाही वाचेल आणि पाखरूही.

सुटी संपून मी परत आले. वर्गात पुन्हा उंदरांच्या सभेची गोष्ट आली. एका मुलीने विचारले, "टीचर, घंटा बांधायला कोणी गेले असते तर?" मी म्हटले, "उंदराला मांजराकडे जाऊन भागणार नाही, बेटा. पण माणसाला शेजाऱ्याच्या दारी जाता येते. जाताना हात मात्र रिकामा नसावा."

बहिणीला नात झाली आहे. शेजारच्या बाईंनी बाळासाठी स्वतः विणलेले टोपडे पाठवले, असे परवाच तिने फोनवर सांगितले.