निंबोळीचा खटला जिंकलो, पुढे?

कडुनिंबाचं पेटंट रद्द झाल्यावर पेटंटधारकांनी केलेलं अपील युरोपीय पेटंट कार्यालयाने ८ मार्च २००५ रोजी फेटाळलं, त्याला वीस वर्षं उलटून गेली. त्या विजयाची याद भाषणांतून निघते, आणि बाजारात ‘बियांचा अर्क’ बुरशीपासून म्हातारपणापर्यंत सगळ्यावर उतारा म्हणून खपतो. सलीमुझ्झमान सिद्दीकींनी १९४२मध्ये निंबोळी तेलातून निंबिन वेगळं केलं, १९६८मध्ये किडींवर चालणारं अझाडिरॅक्टिन हाती आलं. तो इतिहास पाठ आहे. थांबायला हवं ते १९९५ ते २००५ या दशकापाशी.

डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी आणि अमेरिकेचं कृषी खातं यांना १९९४मध्ये मिळालेलं पेटंट पिकांवरची बुरशी निंबोळी तेलाने आवरण्याच्या पद्धतीचं होतं. वंदना शिवा, मॅग्डा एलव्होट आणि सेंद्रिय शेतीची आंतरराष्ट्रीय संघटना आयफोम यांनी १९९५मध्ये हरकत घेतली. १० मे २००० रोजी ते रद्द झालं. आपण त्याला आजीबाईच्या बटव्याचा विजय ठरवलं. प्रत्यक्षात पारडं झुकवलं ते १९८५ आणि १९८६च्या उन्हाळ्यात पुणे व सांगली जिल्ह्यांत शेतावर झालेल्या चाचण्यांच्या पुराव्याने. परंपरेचे गोडवे सगळ्यांनी गायले. कामी आली ती तारीख आणि ठिकाण सांगता येणारी फवारणी.

नेमकी हीच शिस्त आपण सोडली. परीक्षानळीत अर्क टाकला की डीपीपीएच या चाचणीच्या रसायनाचं जांभळं द्रावण पिवळं पडतं, आणि तेवढ्यावर ‘अँटिऑक्सिडंट’ हा शिक्का बसतो; पोटात गेल्यावर त्याचं काय होतं, हा प्रश्न तसाच राहतो. बुरशीचंही तेच. बाटलीवर अझाडिरॅक्टिनचं पीपीएम छापलेलं असतं, पण तो आकडा किडींसाठीचा. भुरी आवरण्याचं श्रेय मुख्यतः तेलाचं. कुणी म्हणेल, निंबोळ्या वेचून घरी पाच टक्के अर्क करणाऱ्याकडे प्रयोगशाळेचे दाखले कसे मागायचे? त्याच्याकडे मागायचेच नाहीत. तो फुकाचा दावा करत नाही. दोन ओळी न फवारता सोडल्या की फरक त्याला बांधावरूनच दिसतो. दाखला मागायचा तो बाटली विकणाऱ्याकडे, आणि ग्रेसच्या पेटंटला लावली तीच कसोटी लावून: कोणत्या शेतात, कोणत्या हंगामात, कोणत्या रोगावर?