जिद्दीला लागणारे छप्पर
मध्यवयात नव्याने आयुष्य मांडणाऱ्या स्त्रीच्या पाठीशी काय असावे लागते?

नवरा गेल्यावर, काडीमोड झाल्यावर, मुले मार्गी लागल्यावर किंवा नोकरीत पडलेल्या दीर्घ खंडानंतर चाळिशी-पन्नाशीत आयुष्याची घडी पुन्हा बसवणाऱ्या स्त्रीविषयी मराठीत लिहिले जाते, तेव्हा बहुतेक सगळे श्रेय ‘जिद्द’ या एका शब्दाच्या पदरात घातले जाते. हा गौरव खोटा नसला तरी अपुरा आहे. कारण जिद्द ज्यांच्या आधाराने कामाला येते ते डोक्यावरचे छप्पर, स्वतःच्या नावाचा कागद, हातातले कसब आणि त्या कसबाला मिळणारी किंमत यांचा हिशोब त्यात मांडलेला नसतो. या चार गोष्टींना एकत्रितपणे पुनरारंभाची सामग्री म्हणता येईल. महाराष्ट्राच्या गेल्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासावर नजर टाकली, तर ही सामग्री जिथे कुणीतरी जाणीवपूर्वक उभी केली तिथे सामान्य कुवतीच्या स्त्रियाही नव्याने उभ्या राहिल्या आणि जिथे ती नव्हती तिथे असामान्य स्त्रियाही अडून राहिल्या, असे दिसते.

मध्यवय म्हणजे ढोबळमानाने चाळीस ते साठ हा टप्पा. विसाव्या शतकाच्या आरंभी भारतातील सरासरी आयुर्मान पंचवीस वर्षांहूनही कमी होते. त्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा असल्याने त्या काळी पन्नाशी कुणी पाहतच नसे असा अर्थ काढणे चूक ठरेल, पण चाळिशीनंतरचे आयुष्य हा स्वतंत्र नियोजनाचा विषय समजला जात नसे, हे खरे. आज ते सरासरी आयुर्मान सत्तरीच्या आसपास गेले आहे आणि पंचेचाळिसाव्या वर्षी संसाराची एक फेरी संपवलेल्या स्त्रीपुढे आणखी पंचवीस-तीस वर्षे उभी असतात. आयुष्याची लांबी वाढली. मात्र शिक्षण कोणत्या वयात, नोकरी कोणत्या वयापर्यंत आणि घर कुणाच्या नावावर, याविषयीचे संकेत त्या वेगाने बदलले नाहीत.

हिंगणे आणि सेवासदन

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी निवर्तले, तेव्हा रमाबाई रानडे चाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. पतीने शिकवलेल्या, सभांतून वावरलेल्या या स्त्रीचेही वैधव्यानंतरचे पहिले दिवस घराच्या चार भिंतींतच गेले. पुढे येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री-कैद्यांच्या भेटी घेत त्या सार्वजनिक कामाकडे वळल्या आणि १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झाले. या संस्थेचे वेगळेपण तिच्या विद्यार्थिनींच्या वयात होते. मुलींच्या शाळा तोवर निघाल्या होत्या, परंतु शाळेचे वय उलटून गेलेल्या, संसारात असलेल्या किंवा संसार मोडलेल्या प्रौढ स्त्रियांसाठी वर्ग काढणे ही निराळी कल्पना होती. अक्षरओळखीबरोबरच शिवणकाम, अध्यापन आणि रुग्णपरिचर्या, म्हणजे आजच्या भाषेत नर्सिंग, असे मिळकतीशी जोडलेले शिक्षण तेथे देण्यात आले. आणि परक्या माणसाची शुश्रूषा हे काम उच्चवर्णीय घरांत हलके मानले जात असताना रमाबाईंनी आपल्या नावाची प्रतिष्ठा त्या कामामागे उभी केली.

धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये स्थापलेला आणि १९०० मध्ये पुण्याजवळच्या हिंगण्यास हलवलेला अनाथ बालिकाश्रम हे याच सामग्रीचे आधीचे रूप होते. पार्वतीबाई आठवले यांचे उदाहरण या दृष्टीने विशेष बोलके आहे. १८७० मध्ये जन्मलेल्या, विशीतच विधवा झालेल्या आणि पदरी मूल असलेल्या पार्वतीबाई आश्रमात शिकल्या, तेथेच शिक्षिका झाल्या आणि पुढे संस्थेसाठी वर्गणी गोळा करत गावोगाव हिंडल्या. ‘सोवळी’ विधवा, म्हणजे केशवपन करून लाल आलवण नेसणारी स्त्री, हे रूप अनेक वर्षे निभावल्यानंतर वयाच्या चाळिशीत त्यांनी केस वाढवले; आणि १९१८ मध्ये, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, इंग्रजी शिकण्यासाठी त्या अमेरिकेला गेल्या, तेथे लोकांच्या घरी काम करून राहिल्या आणि परतून पुन्हा संस्थेच्या कामाला लागल्या. ‘माझी कहाणी’ हे त्यांचे आत्मचरित्र १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या आत्मचरित्रामागे एक वसतिगृह, एक शिक्षणक्रम आणि मुलाच्या संगोपनाची चिंता हलकी करणारे एक आप्तवर्तुळ होते. आश्रमाच्या आधारस्तंभ आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे या पार्वतीबाईंच्या सख्ख्या भगिनी होत्या.

हा इतिहास मुख्यतः ब्राह्मण विधवांचा आहे, हेही नोंदवणे आवश्यक आहे. शेतकरी आणि कारागीर जातींत पाट किंवा मोहतूर लावण्याची, म्हणजे विधवेने अथवा सोडलेल्या स्त्रीने साध्या विधीने दुसरे लग्न करण्याची, चाल पूर्वापार होती. तरीही कायद्याने तेथे अनपेक्षित अडथळा उभा केला. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने लग्नाची मुभा देतानाच पुनर्विवाहित स्त्रीचा पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील हक्क संपवला आणि ज्या जातींत असे लग्न रूढीने आधीच मान्य होते, त्यांनाही मुंबई उच्च न्यायालयाने हीच अट लागू धरली. सुधारणेसाठी आणलेल्या कायद्याने दुसऱ्या लग्नाची किंमत जमिनीच्या रूपात वसूल केली, असा हा विपर्यास होता.

घर कोणाचे, नाव कोणाचे

मालमत्तेचा प्रश्न आजही पुनरारंभाच्या मुळाशी आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातील कलम १४ ने विधवेला मिळणारी ‘मर्यादित मालकी’, म्हणजे हयातीपुरती वहिवाट, पूर्ण मालकीत बदलली. मृत्युपत्र न करता वारलेल्या हिंदू पुरुषाच्या स्वतंत्र मालमत्तेत पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा वाटा मिळतो. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला जन्मतः हक्क देणारी सुधारणा महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये केली. असे असूनही गावपातळीवर हक्काचा प्रवास तलाठ्याच्या दप्तरात अडतो: वारस नोंदीसाठी अर्ज, त्यावरून होणारा फेरफार आणि शेवटी सातबाऱ्यावर नाव, या साखळीत दीर किंवा सासऱ्याची नाराजी ओढवून घेण्याची तयारी नसलेली स्त्री बहुधा पहिल्याच पायरीवर थांबते. सातबारा नावावर नसेल तर पीककर्ज, नुकसानभरपाई आणि शेतकऱ्यांसाठीच्या योजना दुरावतात. नवऱ्यामागे शेत कसणारी बाई कागदोपत्री शेतकरीच ठरत नाही. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’च्या मोहिमेतून नवऱ्यांनी हयातीतच जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करावा, असा आग्रह धरला होता, तो याच जाणिवेतून.

शहरी कुटुंबांत गैरसमजाचे दुसरे रूप आढळते. बँकेच्या खात्यावर पत्नीचे नामनिर्देशन, रोजच्या बोलण्यातले ‘नॉमिनेशन’, केलेले असले की रक्कम तिचीच झाली असे मानले जाते. परंतु सर्वसाधारणपणे नामनिर्देशित व्यक्ती ही ती रक्कम स्वीकारणारी विश्वस्त असते आणि मालकी वारसाहक्काने ठरते.

घटस्फोटाच्या बाबतीत स्थिती अधिक बिकट आहे. परस्परसंमतीच्या घटस्फोटाची तरतूद हिंदू विवाह कायद्यात १९७६ मध्ये आली. पण वीस-पंचवीस वर्षांच्या संसारात उभी राहिलेली मालमत्ता दोघांची समजावी, असा सर्वसाधारण नियम भारतात नाही. घराचा करार ज्याच्या नावे त्याचे घर, असा व्यवहार चालतो आणि पत्नीच्या वाट्याला पोटगीचा दावा उरतो. गोव्यात मात्र १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेतून आलेला कायदा लागू आहे. विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसल्यास पतिपत्नींची मालमत्ता तेथे सामाईक धरली जाते आणि विभक्त होताना निम्मा वाटा हा पत्नीचा हक्क असतो. महाराष्ट्रातल्या सावंतवाडीची आणि गोव्यातल्या पेडण्याची स्त्री मिळत्याजुळत्या बोलीत बोलत असली, तरी संसार मोडल्यावर त्यांच्या हाती येणारे भांडवल यामुळे वेगळे ठरू शकते. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने २००५ मध्ये सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला आणि असे घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचेही असू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. तरीही राहण्याचा हक्क आणि मालकी यांत मोठे अंतर आहे.

चुलीच्या कसबाची किंमत

कसब नसते असे नाही. त्याला बाजारभाव नसतो. मुंबईच्या गिरणगावातील खाणावळवाल्या बायका एकट्या राहणाऱ्या कामगारांना महिन्याच्या हिशोबाने जेवण पुरवत आणि किराणा उधारीवर वा सावकारी व्याजावर आणत, त्यामुळे दिवसभर राबूनही शिल्लक हाती लागत नसे. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने त्यांना संघटित केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्जाचा मार्ग खुला केला. १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा अनेक घरांत नवऱ्याचा पगार थांबला आणि घर चालवण्याचा भार बाईच्या मिळकतीवर आला. मध्यवयातील हा बदल कुणी निवडलेला नव्हता, तो अंगावर येऊन पडला होता. अशा वेळी पोळी-भाजीचे कसब सगळ्यांकडेच होते, पण संघटना आणि कर्जाची पत ज्यांच्यापाशी होती त्यांचा हात थोडा तरी मोकळा राहिला.

वयाचा रकाना

उरते ती वयाची अट. केंद्र सरकारच्या ‘क’ गटातील पदांसाठी विधवा, घटस्फोटित आणि न्यायालयाच्या आदेशाने विभक्त झालेल्या, पुनर्विवाह न केलेल्या स्त्रियांना वयात सवलत आहे. ती पस्तीस वर्षांपर्यंत, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी चाळीस वर्षांपर्यंत. सवलतीमागचा हेतू चांगला आहे, तथापि स्त्रीवर आपत्ती आली तर ती पस्तिशीच्या आत येईल असे या नियमाने गृहीत धरले आहे. शिक्षणाची दारे त्यामानाने उघडी आहेत: दहावी-बारावीला बाहेरून बसण्यासाठीचा सतरा नंबरचा फॉर्म आहे आणि १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. मात्र शिकून पदवी घेतलेल्या पंचेचाळिशीच्या स्त्रीला नोकरीच्या अर्जातील वयाचा रकाना पुन्हा मागे लोटतो.

शरीराचे वेळापत्रकही याच सुमारास बदलते. सलग बारा महिने पाळी न आल्यास त्या स्थितीला रजोनिवृत्ती म्हणतात आणि भारतीय स्त्रियांत ती सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी येते. झोपमोड, अंगातून निघणाऱ्या वाफा, हाडांची झीज या तक्रारी आणि घरातील वृद्धांची सेवा यांचा काळ एकच असल्याने, नव्या कामाला लागणारी ताकद नेमकी तेव्हाच विभागली जाते.

सामाजिक मान्यतेच्या बाजूने अलीकडची एक घटना महत्त्वाची आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे यांसारख्या विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही तसे करावे, असे परिपत्रक काढले. कपाळावरचे कुंकू राहणे ही लहान गोष्ट नव्हे. हळदीकुंकवाला बोलावणे येणाऱ्या स्त्रीलाच बचतगटात, बाजारात आणि ग्रामसभेत सहज जागा मिळते. परंतु कुंकवाच्या ठरावाबरोबर वारस नोंदीचा अर्जही त्याच आठवड्यात निकाली काढण्याची प्रथा गावाने पाडली, तर त्या कुंकवाखाली जमीन येईल.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बोटीत पाऊल ठेवणाऱ्या पार्वतीबाई आजच्या सवलतीच्या नियमात तेरा वर्षांनी बाद ठरल्या असत्या. त्यांना कुणी वय विचारून परत पाठवले नाही, कारण त्यांच्यामागे हिंगणे होते. पुढच्या वेळी एखाद्या स्त्रीच्या जिद्दीची कथा वाचताना तिच्यामागचे हिंगणे कोणते, हा प्रश्न विचारला, तर ज्या हजारोंची कथा छापून येत नाही त्यांना काय मिळाले नाही, याचेही उत्तर सापडू लागेल.