श्वानदंशाची जखम : वरून लहान, आतून खोल

भाद्रपद हा कुत्र्यांच्या माजाचा काळ. या दिवसांत त्यांच्यातील भांडणे वाढतात. मुळशी तालुक्यातील माणसारख्या गावात त्याला आणखी एक कारण आहे. हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान पार्कचा विस्तार माणच्या शिवारापर्यंत पोचल्याने शेतावरची राखणीची, रस्त्यावरची आणि नव्या सोसायट्यांतील पाळीव कुत्री आता एकाच वाटेवर येतात. अशा झटापटीत आपले कुत्रे जखमी झाल्यास काय करावे, हे जाणून घेणे आवश्यक आहे.

चाव्याची जखम फसवी असते. सुळ्याने कातडीला बारीकसे छिद्र पडते; पण पकड घेऊन झटके दिल्याने आत कातडी स्नायूंपासून सुटते आणि मांस चेचले जाते. लाळेतील जंतू त्या पोकळीत अडकतात, वरचे छिद्र मिटते आणि दोन-चार दिवसांत आत पू साचतो.

भांडण सोडवताना मध्ये हात घालू नये. पाण्याचा मारा करावा. वेदनेने व्याकूळ झालेले कुत्रे मालकालाही चावते. म्हणून श्वासाचा त्रास नसल्यास त्याचे तोंड फडक्याच्या पट्टीने सैलसर बांधावे आणि हातमोजे घालावेत. रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापड पाच-दहा मिनिटे दाबून धरावे. नंतर जखमेभोवतीचे केस कापून सलाइनने किंवा कोमट स्वच्छ पाण्याने ती भरपूर धुवावी.

हळद, चुना, रॉकेल, वंगण यांपैकी काहीही जखमेत भरू नये. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन ही माणसांची औषधे कुत्र्याला घातक ठरू शकतात. जखम लहान दिसली तरी त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे. मान, छाती, पोट किंवा डोळ्याजवळचा चावा असेल, हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील किंवा धाप लागली असेल, तर क्षणाचाही विलंब नको. खोल छिद्रे बहुधा शिवत नाहीत. आतील स्राव वाहून जाण्यासाठी ती उघडी ठेवतात. प्रतिजैविकांचा क्रम मध्येच सोडू नये. चाटणे टाळण्यासाठी गळ्यात शंकूच्या आकाराचा पट्टा घालावा. पावसाळ्यात माश्या जखमेवर अंडी घालतात आणि किडे पडतात; म्हणून जखम रोज तपासावी. सूज, दुर्गंधी, ताप किंवा अन्न सोडणे ही बिघाडाची लक्षणे होत.

सर्वांत मोठा धोका रेबीजचा. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून वाचणे जवळपास अशक्य असते. आपल्या कुत्र्याला पूर्वी लस दिलेली असली तरी चाव्यानंतर पुन्हा मात्रा द्यावी लागते. दिलेली नसल्यास पशुवैद्यक ठरवतील त्या वेळापत्रकाने अनेक मात्रा द्याव्या लागतात. चावणारे कुत्रे माहीत असल्यास त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे. भांडण सोडवताना आपल्याला ओरखडा उठला किंवा उघड्या जखमेला लाळ लागली, तर ती जागा पंधरा मिनिटे साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. कुत्र्याची जखम भरेल. आपल्या लसीस मात्र उशीर करून चालणार नाही.