श्रद्धेचा शीण आणि शास्त्राभ्यास

श्रद्धेला शीण येणे आणि श्रद्धा उडून जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शीण आलेल्या ख्रिस्ती माणसाची रविवारची उपासना चुकत नाही, संडे स्कूल, गायनवृंद, आजाऱ्यांच्या भेटी ही मंडळीची कामेही तो नेमाने करत असतो; पण शास्त्रवचन कानावर पडले तरी आत काही हलत नाही आणि ज्याच्यासाठी हे सारे चालले आहे तोच दूर गेल्यासारखा वाटतो. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या ख्रिस्ती तपस्व्यांना ही अवस्था चांगली ठाऊक होती. 'अकेडिया', म्हणजे कशाचीच आस्था न उरणे, या नावाने ते तिला ओळखत आणि त्यांच्यापैकी इव्हाग्रियस याने ती भर दुपारी माणसाला गाठते असे लिहून ठेवले आहे. अशा शिणावर बायबलचा अभ्यास हा उपाय पूर्वापार सांगितला जातो, मात्र तो कसा करावा यावर सारे अवलंबून आहे.

अभ्यासाआधीची एक गोष्ट बायबलच सुचवते. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात एलीया संदेष्टा जिवाला कंटाळून झुडपाखाली मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. तो त्याला झोपू देतो, भाकर आणि पाणी देतो आणि हे दोनदा घडल्यावरच पुढचा प्रवास सुरू होतो. थकवा शरीराचा असेल तर विश्रांती आणि खिन्नता दीर्घकाळ टिकून असेल तर डॉक्टरांचा सल्ला घेण्यात श्रद्धेची कोणतीही उणीव नाही.

विश्रांतीनंतर अभ्यासाकडे वळताना, चेन्नईत तरी, थोमाला टाळता येत नाही. येशूच्या बारा शिष्यांपैकी हा थोमा इ. स. ५२ मध्ये भारतात आला आणि ७२ मध्ये आजच्या चेन्नईजवळ हुतात्मा झाला, अशी परंपरा आहे. सान थोमे येथील बॅसिलिका त्याच्या कबरीच्या जागी उभी असल्याचे मानले जाते आणि सेंट थॉमस माउंट ही टेकडी त्याच्या मरणाशी जोडली जाते. लिखित पुराव्याच्या कसोटीवर ही परंपरा सिद्ध करणे कठीण असले, तरी शंकेखोर म्हणून जगभर ओळखल्या जाणाऱ्या शिष्याची आठवण या शहराने इतक्या आस्थेने जपली आहे, ही बाब शिणलेल्या मनाला आधार देणारी आहे.

बायबल अभ्यासाच्या एका प्रचलित पद्धतीत तीन पायऱ्या असतात: उताऱ्यात नेमके काय लिहिले आहे ते पाहणे, त्याचा त्या काळातील अर्थ समजून घेणे आणि मग आपल्या जगण्याशी तो ताडून पाहणे. थोमाच्या बाबतीत पहिली पायरीच पुष्कळ काही देऊन जाते. योहानाच्या शुभवर्तमानात तो प्रथम ११व्या अध्यायात बोलतो आणि तेथे तो शंकेखोर नसून, गुरूच्या जिवाला धोका असलेल्या यहूदीयात त्याच्याबरोबर मरायलाही जाऊ म्हणणारा आहे. १४व्या अध्यायात वाट ठाऊक नाही हे तो सर्वांसमक्ष कबूल करतो. २०व्या अध्यायात पुनरुत्थानाच्या संध्याकाळी तो सोबत्यांत नसतो, का नसतो हे योहान सांगत नाही. आठ दिवसांनी मात्र विश्वास न बसलेला थोमा त्याच बंद दारांच्या घरात, त्याच सोबत्यांबरोबर आहे. त्या आठवड्यात त्याला कोणी दूर लोटले नाही आणि तोही निघून गेला नाही. त्याने येशूच्या जखमांना प्रत्यक्ष हात लावला असेही तेथे लिहिलेले नाही, जरी अनेक चित्रांमुळे वाचक तसे गृहीत धरतात. आपल्याला पाठ आहे असे वाटणारी कथा आपण नीट वाचलेलीच नव्हती, हे ध्यानात येण्याच्या क्षणी कंटाळ्याची पकड सुटू लागते.

म्हणूनच वर्षभरात संपूर्ण बायबल वाचून काढण्याचा नेम शिणलेल्या माणसाने काही काळ बाजूला ठेवावा, हे उत्तम. प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तके आणि १,१८९ अध्याय आहेत, म्हणजे रोज तीन-चार अध्याय उरकावे लागतात, आणि चुकलेल्या दिवसांची थकबाकी वाढत गेली की वाचन हेच नवे ओझे होते. त्यापेक्षा आठवडाभर दहा-बारा वचने, तीही चारदोन जणांच्या सोबतीने वाचावीत. स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांपैकी सुमारे एकतृतीयांश विलापाची आहेत आणि ८८वे स्तोत्र तर अंधारातच संपते, शेवटी आशेची ओळही येत नाही. २६ डिसेंबर २००४ रोजी, नाताळनंतरच्या रविवारी, चेन्नईच्या किनाऱ्यावर त्सुनामी आली, तेव्हा कोळीवाड्यांतील लोकांना स्तुतीपेक्षा विलापाचेच शब्द अधिक जवळचे वाटले असतील. असा विलाप पवित्र शास्त्रात आहे हे ज्याला कळते, त्याला देवापुढे उसने हसू आणावे लागत नाही.

सावकाश वाचनाचे सर्वांत मोठे उदाहरण चेन्नईच्या वेपेरी भागात सापडते. जर्मन मिशनरी योहान फिलिप फॅब्रिशियस १७४२ मध्ये मद्रासला आला आणि अखेरपर्यंत या शहराशी जोडलेला राहिला. तरंगंबाडी येथे त्सीगेनबाल्ग या आधीच्या मिशनऱ्याने केलेला तमिळ नवा करार १७१५ मध्ये छापून पूर्ण झाला होता. त्याची भाषा सुधारता सुधारता फॅब्रिशियसने बायबलाचा नवाच अनुवाद सिद्ध केला. या काळात शहराने फ्रेंचांचा वेढा आणि हैदरअलीची स्वारी पाहिली. म्हातारपणी पैशांच्या व्यवहारात अडकून तो कर्जापायी तुरुंगातही गेला आणि १७९१ मध्ये वारला. त्याचे आयुष्य विजयाची कथा नव्हे, हे स्पष्टच सांगायला हवे. तरीही १८७१च्या तमिळ बायबलाला त्याच्याच अनुवादाचा आधार मिळाला. वेपेरीतील त्याचा उत्तराधिकारी गेरिके याच्याकडे तंजावरचे सरफोजीराजे भोसले काही काळ शिकले, एवढा मराठी धागाही या जागेला आहे.

मराठी वाचकांना अधिक जवळचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. मद्रास इलाख्यातील दुष्काळाच्या दिवसांत आईवडील गमावलेल्या रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण त्यानंतर आठ वर्षांनी त्यांना जाणवले की ख्रिस्ती धर्म मिळाला असला, तरी ख्रिस्त मिळालेला नाही. विल्यम हॅस्लम या इंग्लिश धर्मोपदेशकाचे आत्मकथन आणि बायबलाचे कसून वाचन यांतून त्या या कोरडेपणाबाहेर आल्या. पुढे हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले, कारण केडगावच्या मुक्ती मिशनमधील अल्पशिक्षित स्त्रियांना ते स्वतः वाचून समजावे अशी त्यांची तळमळ होती. एप्रिल १९२२ मध्ये, मृत्यूच्या थोडेच आधी, हे काम पुरे झाले, आणि १९२४ मध्ये ते बायबल मिशनच्याच छापखान्यात, तेथील स्त्रियांच्या हातून छापून बाहेर पडले.