मोटारीवर सायकल : रॅक घेण्याआधी मोजपट्टी घ्या

रविवारी पहाटे पूर्व द्रुतगती महामार्गावर घाटकोपरच्या छेडानगरहून ठाण्याकडे निघालेल्या मोटारींवर नजर टाकली, तर त्यांतील काहींच्या टपावर किंवा पाठीवर सायकली बांधलेल्या दिसतात. सायकलस्वाराने सायकल मोटारीवर लादून न्यावी, यात वरकरणी विसंगती वाटते. मुंबईच्या रस्त्यांचा विचार केला की ती उरत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला मज्जाव आहे. २००९मध्ये खुल्या झालेल्या वांद्रे-वरळी सागरी सेतूवर तो आहे आणि २०२४मध्ये खुल्या झालेल्या शिवडी-न्हावाशेवा अटल सेतूवरही आहे. त्यातच ‘बीआरएम’ या लांब पल्ल्याच्या सायकल मोहिमांचे वेड शहरात रुजले आहे. या मोहिमांत २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास आणि ६०० किलोमीटरसाठी ४० तासांची मुदत असते. आरंभस्थान पुण्यात किंवा नाशिकला असेल, तर घाटकोपरच्या स्वाराला सायकलसह आदल्या रात्रीच तेथे पोहोचावे लागते. मग गाडीला रॅक लावण्याचा विचार सुरू होतो.

हा विचार बहुधा चुकीच्या टोकाकडून सुरू होतो. किती सायकली न्यायच्या आणि किती पैसे मोजायचे, एवढे दोनच प्रश्न दुकानात किंवा संकेतस्थळावर विचारले जातात. वास्तविक पहिला प्रश्न गाडी रात्री कोठे उभी राहते, हा आहे. दुसरा, गाडीचा पत्रा व टप किती भार सोसू शकतो, हा. आणि तिसरा, फारसा कोणी न विचारणारा प्रश्न म्हणजे मागून येणाऱ्याला काय दिसणार आणि रॅक सुटलाच तर तो कोणाच्या अंगावर जाणार, हा.

उंचीचे गणित

लहान हॅचबॅक मोटारीची उंची साधारण दीड मीटर असते. एसयूव्ही म्हणवणाऱ्या गाड्यांची पावणेदोन मीटरच्या आसपास. टपावरील रॅकवर सायकल उभी केली, की त्यात सव्वा मीटरच्या आसपास भर पडते. म्हणजे एकूण उंची पावणेतीन ते तीन मीटरच्या घरात जाते. गरोडियानगर किंवा पंतनगरमधील जुन्या सोसायटीच्या उघड्या आवारात गाडी उभी करणाऱ्याला याची चिंता नाही. तेथे फार तर झाडाची खाली आलेली फांदी आडवी येईल. नव्या टॉवरच्या तळघरात गाडी ठेवणाऱ्याची गोष्ट वेगळी. तळघराच्या आणि मॉलच्या वाहनतळाच्या तोंडाशी लोंबणारा उंचीचा दांडा पुष्कळदा दोन-सव्वादोन मीटरवरच असतो. गाडीवर गाडी चढवणाऱ्या यांत्रिक पार्किंगमध्ये खालच्या कप्प्यातील गाडीच्या टपावर जेमतेम वीतभर जागा उरते. तेथे सायकल तर सोडाच, रॅकच्या आडव्या दांड्याही कायमच्या लावून ठेवता येत नाहीत.

टपावर सायकल आहे याचा विसर पडून गाडी तळघरात घालणे, हा या प्रकारातील सर्वांत महागडा अपघात म्हणावा लागेल. एका क्षणात सायकलची फ्रेम, रॅक आणि गाडीचा टप असे तिन्ही जातात. त्याला वेग लागत नाही, पाऊस लागत नाही. दोनशे किलोमीटर सायकल हाणून दमलेला माणूस तेवढा लागतो. अनुभवी मंडळी निघण्यापूर्वी स्टिअरिंगवर ‘वर सायकल आहे’ अशी चिठ्ठी चिकटवतात. हा उपाय बाळबोध वाटेल, पण तो उपयोगी आहे. जड वाहनांना रोखण्यासाठी काही पुलांच्या तोंडाशी उंचीचे अडसर लावलेले असतात, तेही ध्यानात ठेवावे.

टपाची ताकद

टपावर किती वजन चालते हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. लहान मोटारींत ही मर्यादा बहुधा ५० ते ७५ किलोच्या दरम्यान आढळते. मात्र हे वजन केवळ सायकलींचे नव्हे. आडव्या दांड्या आणि रॅकही त्यात धरायचे असतात. दांड्यांचे सहा किलो, दोन रॅकचे मिळून आठ आणि प्रत्येकी १२ किलोच्या दोन सायकली असा हिशेब केला तर ३८ किलो भरतात. तेथवर ठीक आहे. त्याच टपावर १५ किलोच्या तीन माउंटन बाइक चढवल्या, की रॅकसह आकडा ६३ किलोवर जातो आणि ५० किलोची मर्यादा केव्हाच मागे पडते. बॅटरीवर चालणारी सायकल २० ते २५ किलोची असते. दोन माणसांनी ती डोक्याच्या वर उचलून टपावर बसवायची, हा व्यायाम ज्याचा त्याने ठरवावा. निदान बॅटरी काढून गाडीच्या आत ठेवावी.

येथे आणखी एक गफलत होते. अनेक गाड्यांच्या टपावर दोन्ही बाजूंना रुबाबदार पट्ट्या दिसतात. त्यांतील काही केवळ शोभेच्या असतात आणि प्लास्टिकच्या खुंट्यांवर किंवा चिकटपट्टीवर बसवलेल्या असतात. त्यांना दांड्या आवळल्या, तर पहिल्याच मोठ्या खड्ड्यात पट्टीसकट सायकल सुटण्याची भीती आहे. पट्टी भार सोसणारी आहे की नाही, याचे उत्तर विक्रेत्याऐवजी पुस्तिकेत शोधावे. थुले या स्वीडिश कंपनीसारखे मोठे उत्पादक गाडीचे मॉडेल व वर्ष यांनुसार कोणता संच बसतो याचे तक्ते देतात. त्यात आपली गाडी नसेल, तर ‘बसवून देतो’ या आश्वासनावर विसंबू नये.

सायकल टपावर धरण्याच्याही तऱ्हा आहेत. एकात पुढचे चाक काढून चिमटा म्हणजे फोर्क रॅकला जखडतात. ही पकड घट्ट असते आणि सायकलची उंचीही थोडी कमी होते. परंतु जुन्या पद्धतीचा झटपट सुटणारा आस आणि नव्या डिस्क ब्रेकच्या सायकलींचा आरपार जाणारा जाड आस यांना वेगवेगळे जोड लागतात. दुसऱ्या तऱ्हेत फ्रेमची खालची नळी जबड्यात पकडतात. पोलादी किंवा अॅल्युमिनियमच्या सायकलला हे चालते. कार्बनच्या पातळ नळीला असा दाब सोसत नाही, आणि तडा वरून दिसला नाही तरी आत राहू शकतो. लाखभर रुपयांची सायकल घेऊन रॅकमध्ये काटकसर करणाऱ्यांनी याचा विचार करावा. तिसऱ्या तऱ्हेत फक्त चाके धरली जातात. कार्बनसाठी तीच बरी.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० किलोमीटरवरून १०० वर गेल्यास सायकलवरील वाऱ्याचा रेटा सुमारे पावणेतीन पट होतो. इंधन जास्त जळते हा भाग गौण. सारा ताण रॅकच्या दोन-चार स्क्रूंवर येतो, हा मुख्य. सायकलवर ताडपत्री किंवा चादर गुंडाळण्याचा मोह पावसाळ्यात होतो, तो टाळावा. ती शिडासारखी फुगते.

पाठीवरचा रॅक आणि मागचा स्वार

डिकीला पट्ट्यांनी बांधायचा रॅक सर्वांत स्वस्त, घडी घालून ठेवता येणारा आणि म्हणून सर्वाधिक लोकप्रिय. उंचीचा प्रश्न त्याने सुटतो. त्याचे आकडे डिकीच्या पत्र्याच्या कडांत अडकवायचे असतात. डिकीचे दार प्लास्टिकचे असेल, वर स्पॉयलर असेल किंवा काच कडेपर्यंत आलेली असेल, तर हा रॅक त्या गाडीसाठी नाही, असे समजावे. बोलेरो किंवा थारसारख्या ज्या गाड्यांचे जादा चाक मागच्या दारावर असते, त्यांना त्या चाकावर बसणारा रॅक मिळतो. तो अधिक भक्कम असतो. बिजागरीवर चाकाचे वजन आधीच आहे, एवढे ध्यानात ठेवून सायकली दोनच न्याव्यात. मागे लटकलेल्या सायकलचे चाक सायलेन्सरच्या तोंडासमोर येत नाही ना, हेही पाहावे. तासाभराच्या प्रवासात टायर वितळू शकतो.

नायलॉनचे पट्टे सैल होतात हा या रॅकचा स्वभावच आहे. घाटकोपरहून निघाल्यावर मुलुंडच्या आसपास, म्हणजे दहाएक किलोमीटरवर, एकदा सुरक्षित जागी थांबून ते पुन्हा आवळावेत. ऑक्टोबर २०२४पासून मुंबईच्या वेशीवरील पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला आहे, त्यामुळे टोलच्या रांगेत उतरून पाहण्याची आयती संधीही आता उरलेली नाही. द्रुतगती महामार्गावर मोटारीमागे बहुधा दुचाकीस्वार असतो. सुटलेली सायकल मोटारीवर आदळली तर काच फुटेल. दुचाकीस्वारासमोर पडली तर त्याचा जीव जाईल. रॅकची किंमत ठरवताना हा मागचा माणूस हिशेबात धरला जात नाही. मुख्य पट्ट्यांखेरीज एक वेगळा पट्टा सायकलच्या फ्रेममधून काढून गाडीच्या पक्क्या भागाला बांधला, तर रॅक निखळला तरी सायकल रस्त्यावर पडत नाही. त्याला फार खर्च येत नाही.

पाठीवरच्या रॅकने मागचे दिवे आणि नंबरप्लेट झाकली जाते. नंबरप्लेट स्पष्ट दिसणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४पासून कॅमेऱ्यांची नजर असल्याने ही सबब ऐकून घेणारा हवालदारही समोर नसतो. पण दंडापेक्षा दिव्यांचा मुद्दा मोठा आहे. पहाटेच्या काळोखात ब्रेकचा दिवा दिसला नाही, तर मागचा चालक वेळेत थांबणार कसा? युरोपात अशा रॅकला दिवे व क्रमांक असलेली स्वतंत्र पट्टी जोडतात. इटली व स्पेनमध्ये मागे आलेल्या सामानाला पट्ट्यापट्ट्यांचा चौकोनी इशारा-फलक लावावा लागतो. मागच्या काचेच्या पातळीवर, दिव्यांच्या वर सायकल धरणारा रॅक मिळत असेल, तर आपल्याकडे तोच निवडावा.

कायद्याची आणखी एक बाजू आहे. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार वाहनाच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे बजावले. डिसेंबर २०१७मध्ये केंद्राने ‘बुलबार’विरुद्ध राज्यांना कारवाईस सांगितले, तेही याच कलमाच्या आधारे. हाताने लावता-काढता येणारा रॅक आणि पत्रा कापून वा वेल्डिंग करून बसवलेला सांगाडा यांत म्हणूनच फरक करायला हवा. दुसऱ्या प्रकाराच्या वाटेला न जाणे बरे. शंका असल्यास एमएच-०३ क्रमांकाच्या गाड्यांसाठी वडाळ्याचे परिवहन कार्यालय आहेच.

मोटारहोममागची मोटार

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढे हाच प्रश्न निराळ्या रूपात येऊ शकतो. तेथे सुट्टीत मोटारहोम म्हणजे चाकांवरचे घर घेऊन निघायचे आणि मुक्कामी हिंडण्यासाठी लहान मोटार मागे ओढत न्यायची, असा प्रघात आहे. भारतात धडधाकट मोटार अशी दुसऱ्या वाहनामागे ओढता येत नाही; ती सवलत बंद पडलेल्या वाहनापुरती आहे. महाराष्ट्राने २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले, तरी हे दृश्य येथे दिसत नाही, त्याचे हे एक कारण.

तेथे सायकली लावायच्या कोठे? मोटारहोमच्या पाठीवर लावल्या, तर वळणावर किंवा चढउतारावर त्या मागच्या मोटारीच्या बॉनेटवर आपटू शकतात. शिवाय मोटारहोमचा मागचा भाग चाकांच्या बराच पलीकडे गेलेला असल्याने प्रत्येक खड्ड्यात तो चाबकासारखा उसळतो. म्हणून साधे रॅक मोटारहोमला लावू नयेत, असे अनेक उत्पादक स्पष्ट लिहितात. ओढल्या जाणाऱ्या मोटारीच्या मागे रॅक लावायचा, तर उत्पादकाची त्याला परवानगी आहे का, हे आधी पाहावे. चालकाला तो आरशात दिसत नाही, म्हणून कॅमेरा हवा. मोटारीच्या टपावर सायकली ठेवणे त्यातल्या त्यात निर्धोक. पुढचे घरच अधिक उंच असल्याने पुलांची काळजी राहत नाही. मुक्कामी मोटार सोडवून तळघरातील वाहनतळात नेली, की घाटकोपरच्या टॉवरमधील संकट तेथेही उभेच.

सायकल, मोटार आणि मोटारहोम यांची सांगड मराठी सायकलपटूंच्या परिचयाची झाली ती ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’मुळे. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५मध्ये, तर नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७मध्ये एकट्याने ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत पूर्ण केली. तेथे स्वारामागून चालणाऱ्या मोटारीच्या पाठीवर मंदगती वाहनाचा त्रिकोण आणि लुकलुकणारे पिवळे दिवे लागतात. रात्रभर त्या उजेडावरच स्वाराचे संरक्षण असल्याने ते झाकणारा रॅक तेथे कामाचा नाही.

एकच सायकल असेल तर

घाटकोपरहून एकट्याने जाणाऱ्याला रॅकची गरज बहुधा नसतेच. मागची सीट पाडून, दोन्ही चाके काढून सायकल हॅचबॅकमध्येही मावते. गिअरची बाजू वर ठेवावी, खाली जुनी चादर घालावी. डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर ब्रेकच्या गुटक्यांमध्ये पुठ्ठ्याची चकती सरकवावी. चुकून दांडी दाबली गेली तर गुटके जुळून बसतात आणि मग पहाटे चाक आत जात नाही. पावसात साखळी कोरडी राहते, ढाब्यावर थांबले तर सायकल नजरेआड राहते, उंचीची फिकीर नाही. दोन सायकली आणि तीन माणसे झाली, की मात्र रॅक आलाच.

तो घेतला तर काम झाल्यावर काढून ठेवावा. टपावरच्या रिकाम्या दांड्या शिट्टी घालतात आणि इंधन खातात; पाठीवरच्या रॅकचे लोखंडी हात सोसायटीच्या आवारात खेळणाऱ्या मुलांच्या नेमके डोक्याच्या उंचीवर येतात. नायलॉनचे पट्टे उन्हाने कडक होतात. त्यांचा रंग उडू लागला किंवा कडेचे धागे सुटले, की रॅक नवा दिसत असला तरी पट्टे बदलावेत.