यंत्रशाळेतील सूक्ष्म मापन

गावच्या विहिरीवरील विजेचा पंप वरचेवर जळू लागला, की दोष विजेच्या दाबाला दिला जातो. पुष्कळदा तो रास्तही असतो. परंतु कित्येकदा खरे कारण दुरुस्तीच्या वेळी लेथवर कातलेल्या शाफ्टमध्ये दडलेले असते. २५ मिलिमीटर भोकाचे बेअरिंग ज्या शाफ्टवर घट्ट बसवावयाचे, त्याचा व्यास २५.००२ ते २५.०१५ मिलिमीटर असावा, असे एक प्रचलित प्रमाण आहे. म्हणजे कारागिराला मिळणारी सूट अवघी ०.०१३ मिलिमीटर, माणसाचा केसही याच्या कितीतरी पट जाड असतो. शाफ्ट बारीक राहिला तर बेअरिंगचे आतले कडे त्यावर घसरत फिरते, शाफ्ट झिजतो, रोटर स्टेटरला घासू लागतो आणि अखेर वाइंडिंग जळते.

आपल्याकडील जुने कारागीर सुतात बोलत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दाराच्या चौकटीला ते माप पुरे, येथे नाही. फ्रान्सच्या पिअर व्हर्निअर याने १६३१ साली प्रसिद्ध केलेल्या युक्तीवर व्हर्निअर कॅलिपर आधारलेला आहे. सरकत्या पट्टीवर ४९ मिलिमीटर लांबीचे ५० समान भाग पाडले, म्हणजे ०.०२ मिलिमीटरपर्यंतचा फरक वाचता येतो. मात्र हा फरकच वर सांगितलेल्या सुटीहून मोठा आहे. तेव्हा लांबी किंवा खाचेची खोली मोजण्यास कॅलिपर उत्तम असला, तरी बेअरिंगच्या जागेचा निवाडा त्याच्यावर सोपवू नये.

त्यासाठी मायक्रोमीटर हवा. त्याच्या स्क्रूच्या दोन आट्यांत ०.५ मिलिमीटर अंतर असते व थिंबलवर ५० भाग असतात. एक भाग फिरविला की स्क्रू ०.०१ मिलिमीटर सरकतो. नळीवर व्हर्निअरच्या जादा रेघा असलेल्या मायक्रोमीटरवर ०.००१ मिलिमीटरही वाचता येते, आणि प्रस्तुत कामास तोच घ्यावा. थिंबल हाताने आवळू नये. रॅचेट फिरवावा, म्हणजे दर वेळी दाब सारखा राहतो. २५ ते ५० मिलिमीटरचा मायक्रोमीटर मिटून शून्यावर येत नाही. त्याच्यासोबत मिळणारी २५ मिलिमीटरची प्रमाण दांडी धरून तो आधी तपासावा लागतो. ही दांडी बहुतेक ठिकाणी पेटीतच पडून राहते, हे खेदाने नमूद करावे लागते.

सर्वांत फसवी गोष्ट उष्णतेची. पोलाद दर अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे ०.०११५ मिलिमीटर प्रसरण पावते. नुकताच कातलेला शाफ्ट मायक्रोमीटरपेक्षा ३० अंश अधिक तापलेला असेल, तर २५ मिलिमीटर व्यासात सुमारे ०.००९ मिलिमीटरची वाढ दिसते. गरम असता २५.००६ भरलेला शाफ्ट थंड झाल्यावर २४.९९७ वर येतो, म्हणजे निकामी ठरतो. म्हणूनच औद्योगिक मापनासाठी २० अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान ठरविण्यात आले आहे. लहान यंत्रशाळेत तसे वातानुकूलन कोठून आणावे? तेवढ्याची गरजही नाही. शाफ्ट आणि मापक दोन्ही पोलादी असल्याने ते एकाच सावलीत पुरेसा वेळ शेजारी ठेवले, की फरक बव्हंशी नाहीसा होतो.

ग्रामपंचायतीकडे येणाऱ्या पंपदुरुस्तीच्या देयकात बेअरिंग बदलल्याची नोंद असते, शाफ्टच्या व्यासाची सहसा नसते. तो थंड अवस्थेत, दोन ठिकाणी व काटकोनात मोजून देयकावर लिहून मागता येईल.